घरजावयाचा गोबरा

देवखडप नावाचं समुद्रकाठचं एक गाव होतं, आणि त्या गावात एक भोळा होता. त्याचं नाव जिवबा. तो मूळचा त्या गावचा नव्हे, घाटावरचा. घाटावर त्यानं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गावची विहीर.

भागोजी तांडेलानं त्याला घरजावई करून घेतला, तो दोन गोष्टी बघून. एक, गडी रेड्यासारखा दणकट होता. दोन, सांगितलेलं मुकाट ऐकायचा. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. दुसरी भोवली.

लग्नाला दोन वर्षं झाली. जिवबा नारळ सोलायचा, लाकडं फोडायचा, अंगण झाडायचा. समुद्राकडे मात्र फिरकायचा नाही. सासऱ्याचा जन्म होडीत गेलेला, आणि जावई लाट आली की नारळीमागं उभा राहायचा. गावानं दोन वर्षं हसून घेतलं आणि मग गाव कंटाळलं.

मग मथुराला, म्हणजे त्याच्या बायकोला, दिवस गेले. सातव्या महिन्यात तिला डोहाळा लागला. साधासुधा नव्हे. तिला गोबरा खायचा होता. गोबरा म्हणजे खडकातला मासा. तोंड हे एवढं, अंगावर ठिपके, कपारीत बसतो आणि कुणाला दाद देत नाही.

"बाजारातून आणतो की," जिवबा म्हणाला.

"बाजारातला नको. तुम्ही धरून आणलेला हवा."

"मी?"

"मग काय शेजारी आणणार? रविवारी डोहाळजेवण आहे. त्या दिवशी माझ्या पानात तुमच्या हातचा गोबरा पाहिजे. डोहाळा राहिला तर पोराची लाळ गळते जन्मभर, ठाऊक आहे ना?"

जिवबाला ठाऊक नव्हतं. पण जन्मभर लाळ गाळणारं पोर त्याला डोळ्यांपुढं दिसलं. तो थेट सासऱ्यापुढं जाऊन उभा राहिला.

"मामा, मला समुद्रात जायचंय."

भागोजीच्या हातातली चिलीम तशीच राहिली. दोन वर्षं तो हे वाक्य ऐकायला टपला होता.

"जावईबापू," तो म्हणाला, "आज सोमवार. रविवारपर्यंत तुम्हाला तयार करतो. माझी एकट्यानं वल्हवायची होडी आहे, ती घ्या. कासवखडक लांब नाही. पण समुद्राची कामं तयारीशिवाय होत नाहीत. मी सांगतो तसं करायचं."

"तसंच करीन," जिवबा म्हणाला. आणि त्यानं केलंही.

पहिलं काम भरतीचं. भागोजी म्हणाला, "खाडीच्या तोंडाशी जा. भरतीचं पाणी कुठवर येतंय तिथं खूण बांधून या. दुपारी पुन्हा जाऊन खूण बघा, म्हणजे पाणी किती सरकलं ते कळेल."

जिवबा गेला. भरती पुरी चढली होती. पाण्याच्या अगदी कडेला, चार पाय वाळूत रोवून, एक काळीभोर म्हैस उभी होती. खूण बांधायला दुसरं काही नव्हतं. जिवबानं खांद्यावरचा लाल पंचा काढला आणि तिच्या शिंगाला बांधला. म्हशीनं काही हरकत घेतली नाही.

दुपारी तो खूण बघायला गेला, तर खूण तिथं नव्हती. त्यानं सगळा किनारा पालथा घातला. मग आळीआळीनं शोध घेतला. आणि टेकडीवर, देवळाच्याही वर, भाऊ परबांच्या गोठ्यात त्याला ती दिसली.

जिवबा पांढराफटक पडला. धावत खाली आला.

"मामा! पाणी भाऊ परबांच्या गोठ्यात आलं!"

भागोजीनं चाळीस वर्षं समुद्र पाहिला होता. परबांचा गोठा गावातली सगळ्यात उंच जागा. तिथं पाणी म्हणजे गाव बुडालं. बाहेर डोकावून बघायलाही तो थांबला नाही. मथुराचा हात धरला आणि "पळा! समुद्र वर आला!" असं ओरडत सुटला. अर्धं गाव टेकडी चढलं. कुणी कोंबड्या घेतल्या, कुणी देव घेतले, एका बाईनं तव्यावरची भाकरी तव्यासकट आणली. वर पोचून बघतात तर म्हैस रवंथ करतेय आणि शिंगावर लाल पंचा. भागोजी पुढं धावला, शेणावरून घसरला आणि त्याचा पाय मुरगळला.

खाटेवर पडून, पायाला हळद लावून घेत तो म्हणाला, "जावईबापू, हलत्या जिनसेला कधी भुलू नये. जे हलतं त्याला हात लावू नये. हलायचं थांबलं की मगच हात लावावा."

"हे आधी सांगायचं ना, मामा," जिवबा म्हणाला. त्यानं ते मनाशी घोकून ठेवलं.

मंगळवारी भागोजीनं त्याला आमिष आणायला पाठवलं. "गोबरा जिवंत कोळंबीला भुलतो. खाडीवर जनाई कोळीण बसते, तिच्याकडून टोपलीभर घेऊन या. आज गळाला लावून बघायला शिकवतो."

जनाईनं टोपली पुढं केली. आत कोळंबी टणाटण उड्या मारत होती. जिवबानं हात मागं घेतला.

"घे की रे," जनाई म्हणाली.

"हलतायत," जिवबा म्हणाला, आणि शेजारी बसला.

ऊन चढलं. जनाईचे बाकीचे मासे विकून झाले. तिनं पाटी धुतली, पान खाल्लं, दोनदा विचारलं, "अरे, तुला नक्की काय पाहिजे?" जिवबा म्हणाला, "थांबतोय." चारच्या सुमाराला शेवटच्या कोळंबीनं शेवटची मिशी हलवली. जिवबानं आणखी थोडा वेळ खात्री करून घेतली आणि टोपली उचलली. वाटेत तीन मांजरं त्याच्या मागं लागली, घराशी पोचेपर्यंत सात झाली.

भागोजीनं नाकाला धोतराचा सोगा लावला. "जिवबा! हे काय?"

"एकही हलत नाही, मामा. नीट बघून आणलीय."

जावईबापूचा जिवबा झाला होता. भागोजी म्हणाला, "अरे, असली नाजूक जिन्नस ओल्या फडक्यात गुंडाळायची असते. वाटेत जिथं जिथं पाणी दिसेल तिथं तिथं बुडवायची. तशी घरापर्यंत आणायची. कळलं?"

"कळलं," जिवबा म्हणाला. सगळं सरळ होतं. आधी का सांगत नाहीत, एवढंच त्याला कळत नव्हतं.

बुधवारी मिठाचं काम निघालं. गोबरा आल्यावर उरलेला मासा खारवायचा, तर घरात मीठ नव्हतं. जिवबा वाण्याकडे गेला. वाण्यानं दोन शेर मीठ मोजलं. जिवबानं कमरेचं फडकं सोडलं, वाण्याच्याच माठातल्या पाण्यानं भिजवलं आणि मीठ त्यात गुंडाळलं.

"अरे, काय करतोस?" वाणी ओरडला.

"नाजूक जिन्नस आहे," जिवबा म्हणाला.

वाटेत देवळाची विहीर लागली, तिथं बुडवलं. पाटाचं पाणी लागलं, तिथं बुडवलं. एका बाईची बादली भरलेली होती. तिची परवानगी घेऊन तिथंही बुडवलं. त्या बाईचा संध्याकाळचा चहा खारट झाला, पण ते पुढं कळलं. घरी येऊन त्यानं सासऱ्याच्या खाटेवर फडकं ठेवलं.

"मीठ कुठाय?"

"निघताना दोन शेर होतं."

"आणि आता?"

जिवबानं फडकं उलगडलं, सुलटं केलं, उलटं केलं. "आता फडकं आहे," तो म्हणाला.

मथुरा दारामागं तोंडात पदर कोंबून उभी होती. भागोजीनं कपाळावर हात मारला. "अरे, पाण्यापासून जपायचं ते! पाणी दिसलं की डोक्यावर घ्यायचं! थेंबसुद्धा लागू द्यायचा नाही! कळलं का रे?"

"कळलं, मामा. डोक्यावर. थेंब नाही."

रात्री जिवबा मथुराला म्हणाला, "तुझे बाबा मनानं चांगले आहेत. पण रोज वेगळं सांगतात."

"रोज कामही वेगळं असतं, अहो."

जिवबानं यावर विचार केला. त्यात काही अर्थ त्याला सापडला नाही, म्हणून तो झोपला.

गुरुवारी होडीची पाळी आली. होडी अंगणात नारळीखाली पालथी ठेवलेली होती. भागोजी खाटेवरूनच म्हणाला, "होडी खाडीपलीकडच्या धक्क्यावर नेऊन ठेव. ओहोटीला ने, पाणी शांत असतं."

जिवबा होडीपाशी गेला. समोर खाडीचं पाणी चमकत होतं. पाणी दिसलं. त्यानं होडी उचलली आणि डोक्यावर घेतली.

पलीकडे धक्क्यावर दहा-बारा मच्छीमार जाळी सांधत बसले होते. त्यांनी पाहिलं, तर खाडीतून एक होडी उलटी चालत येत होती. आधी तिच्याखाली एक अख्खा माणूस होता. मग छातीपर्यंतचा राहिला. मध्यावर आल्यावर तर नुसतं कपाळ आणि दोन डोळे. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले. काठाला आल्यावर माणूस पुन्हा हळूहळू वर आला, नाकातोंडातलं पाणी थुंकला आणि होडी धक्क्यावर ठेवून तिच्यावरून हात फिरवत म्हणाला, "बघा, कोरडी ठणठणीत!"

ही बातमी त्याच्या आधी घरी पोचली. जिवबा परत आला तेव्हा भागोजी खाटेवर उठून बसला होता.

"अरे टोणग्या! होडी डोक्यावर घेतात? होडी पाण्यात टाकायची असते! होडी म्हण, वल्हं म्हण, नांगर म्हण, गळ म्हण, समुद्राची जी जी वस्तू आहे ती पाण्यात टाकायची!"

"सगळी?"

"सगळी!"

"बरं झालं विचारलं," जिवबा म्हणाला.

शुक्रवारी पहाटे तो पहिल्यांदा समुद्रावर निघाला. कोळंबी या वेळी मथुरानं स्वतः आणून पाण्याच्या कळशीत ठेवली होती. लाटांचा आवाज ऐकून जिवबाला परत फिरावंसं वाटलं, पण पोराची लाळ आठवून तो निघाला. निघताना भागोजीनं आतून विचारलं, "वल्हं घेतलंस?"

"घेतलं."

"गळाची दोरी?"

"घेतली."

"नांगर? खडकापाशी पोचलास की पहिल्यांदा नांगर टाक, नाहीतर होडी वाहून जाईल."

जिवबा थबकला. नांगर त्यानं घेतला नव्हता. भागोजीचा लोखंडी नांगर पडवीच्या कोपऱ्यात, दोराच्या वेटोळ्याखाली होता. पण जिवबा घाटावरचा. नांगर कसा असतो हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो टेकडी चढून भाऊ परबांच्या दारात गेला.

"भाऊ, नांगर पाहिजे."

भाऊ झोपेतून उठले होते. "आत्ता? कुठं नांगरणार?"

"समुद्रात."

भाऊंनी सोमवार आठवला. भांडण्यापेक्षा नांगर दिलेला बरा, असं ठरवून त्यांनी लाकडी नांगर काढून दिला. जिवबानं तो खांद्यावर टाकून पुलावरून धक्क्यापर्यंत नेला आणि होडीत आडवा घातला. होडी निम्मी खाली गेली.

तरी तो गेला. वल्हं मारण्यात त्याचा हात बरा होता. कुदळ मारावी तसं मारायचा, पण होडी पुढं जायची. कासवखडक आला. जिवबानं नांगर दोन्ही हातांनी उचलला आणि पाण्यात टाकला. धबाक! नांगर एकदा बुडाला, पुन्हा वर आला आणि तरंगत गुजरातच्या दिशेला निघून गेला.

जिवबानं समाधानानं मान हलवली. मग त्याला उरलेली यादी आठवली. वल्हं पाण्यात टाकलं. गळाची दोरी वेटोळ्यासकट टाकली. होडी पाण्यात होतीच. मग तो हात गुडघ्यांवर ठेवून गोबऱ्याची वाट बघत बसला.

दुपारी दोन मच्छीमारांना तो खूप लांब सापडला. अजून वाट बघत होता. त्यांनी होडी बांधून ओढत आणली. मथुरा धक्क्यावर उभी होती. सकाळपासून उभी होती. तिनं त्याला पाहिलं आणि ती खालीच बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हसून डोळ्यांत पाणी येतं ते जिवबाला माहीत होतं. हे तसलं नव्हतं.

"राहू दे तो गोबरा," ती म्हणाली. "मला नको. तुम्ही घरात बसा."

आठवडाभर जिवबाला कुणी काही बोललं तरी लागलं नव्हतं. हे लागलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

शनिवारी तो सासऱ्याच्या खाटेपाशी उकिडवा बसला. "मामा, अजून एकदा सांगा. मी चुकतो कुठं ते मला कळत नाही. तुम्ही म्हणता तेच करतो."

भागोजी रागवायच्या तयारीत होता. पण जावयाचं तोंड बघून त्याचा राग विरघळला. तो खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "तू काय करतोस, काल सांगितलेलं आज वापरतोस. ते सोड. कालचं सगळं विसर. विचार म्हणून करूच नको. उद्या मी जे सांगेन, शब्दाला शब्द तेवढंच करायचं. कमी नाही, जास्त नाही."

"शब्दाला शब्द," जिवबा म्हणाला. त्याला एकदम हलकं वाटलं. हे त्याला जमण्यासारखं होतं.

मग भागोजीनं शब्द मोजून मोजून सांगितलं. दुसरं वल्हं आणि गळाची दोरी मागवली, पडवीतला लोखंडी नांगर दाखवला, त्याचा दोर होडीला कसा बांधायचा ते दाखवलं. "गळाला कोळंबी लाव. दोरी सोड. दोरीच्या टोकाचं शिसं तळाला टेकलं की वीतभर वर घे. हिसका बसला की तिथल्या तिथं ओढ, नाहीतर तो कपारीत शिरतो. मासा धरलास की कल्ल्यातून दोरी ओव, होडीला बांध आणि पाण्यातच राहू दे, ताजा येईल. लाट आली की तोंड लाटेकडे कर. आणि परत ये." जिवबाकडून त्यानं हे अकरा वेळा म्हणून घेतलं. अकराव्या वेळेला मथुरालाही पाठ झालं होतं.

रविवारी पहाटे जिवबा गेला. या वेळी सगळं शब्दाला शब्द. लोखंडी नांगर दोरानं बांधून टाकला. दोरी सोडली. तळाला शिसं टेकलं. त्यानं दोरीवर वीत लावून मोजली आणि तेवढीच वर घेतली. लाट आली की तो आपलं तोंड लाटेकडे करायचा, आणि नांगर टाकलेली होडी आपसूकच लाटेकडे वळायची, म्हणून तेही बरोबर झालं.

ऊन वर आलं. आणि मग हिसका बसला.

असला हिसका की जिवबा गुडघ्यावर आला. त्यानं तिथल्या तिथं ओढलं. खालून मासा ओढत होता, वरून जिवबा. दोरीनं तळहात सोलले. एकदा दोरी सुटेलशी वाटली, तेव्हा त्याला मथुरा धक्क्यावर खाली बसलेली दिसली. मग ज्या ताकदीनं त्यानं घाटावर रुतलेल्या गाड्या काढल्या होत्या त्या ताकदीनं त्यानं दोरी ओढली. पाणी फुटलं आणि गोबरा वर आला. हातभर लांब, मांडीएवढा जाड, तोंडात नारळ मावेल असा. जिवबा त्याच्याकडे बघत राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याचं काहीतरी बरोबर आलं होतं.

त्यानं कल्ल्यातून दोरी ओवली. होडीला बांधली. नांगर वर घेतला. परत निघाला.

धक्क्यावर अख्खं गाव जमलं होतं. डोहाळजेवणाच्या बायका आल्या होत्या, वाजंत्री आली होती. मथुरा हिरव्या साडीत, अंगावर फुलांचे दागिने घालून पुढं उभी होती. भागोजी काठी टेकत लंगडत आला होता. होडी जवळ आली आणि तिच्या कडेला पाण्यात चाललेला तो अजस्र मासा लोकांना दिसला. एकच गलका उठला. जनाईनं दृष्ट काढत बोटं मोडली. ज्या म्हाताऱ्यानं गुरुवारी टोपी काढली होती त्यानं ती आता उडवली. भाऊ परबसुद्धा म्हणाले, "गेला तर गेला नांगर!"

जिवबा होडीतून गुडघाभर पाण्यात उतरला. पोरीच्या तोंडावरचा आनंद बघून भागोजी हरखला. वाजंत्री वाजत होती, लोक ओरडत होते. त्या गोंगाटातून त्यानं काठी उंच केली आणि लाडक्या जावयाला हाक दिली, "शाब्बास, जावईबापू! आता मासा सोडा आणि होडी बांधा!"

जिवबाचा हात थांबला. त्यानं माशाकडे बघितलं. मथुराकडे बघितलं. सोललेल्या तळहातांकडे बघितलं. त्याच्या मनात काहीतरी यायला लागलं होतं. पण विचार म्हणून करायचा नव्हता. शब्दाला शब्द. कमी नाही, जास्त नाही.

त्यानं कल्ल्यातून दोरी काढली.

गोबरा क्षणभर त्याच्या पायापाशी तसाच राहिला. त्यालाही ते खरं वाटलं नसावं. मग शेपटीचा एक फटका, आणि पाणी सपाट झालं.

वाजंत्री आपोआप थांबली. जिवबानं शांतपणे होडी खुंटाला बांधली, दोर ओढून बघितला. भागोजी काठीसकट खालीच बसला. सगळ्यांनी मथुराकडे बघितलं. मग तिला हसू फुटलं. ती हसली आणि हसतच राहिली. अंगावरची फुलं गळून पडेपर्यंत, बायकांनी दोन्हीकडून धरेपर्यंत हसली. मग बायका हसल्या, मच्छीमार हसले, भाऊ परब हसले. त्या दुपारी मथुरानं वांग्याची भाजी आणि भात खाल्ला. दोनदा वाढून घेतला आणि म्हणाली, इतकं गोड जेवण तिला सात महिन्यांत लागलं नव्हतं.

पण ते नंतर. धक्क्यावर भागोजीनं मोठ्या कष्टानं तोंड उघडलं.

"अरे," तो म्हणाला, "मासा... मासा सोडलास?"

"सोडला, मामा," जिवबा पाण्यातून वर येत म्हणाला. सासऱ्याचा पडलेला चेहरा बघून त्याला वाईट वाटलं, आणि त्यानं त्याची समजूत काढली. "एकच होता ना. दोन मिळाले असते तर दोन्ही सोडले असते."